लंडनमध्ये हाउससिटिंग करून स्वस्तात राहता येतं का? कोणी केलंय का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा दोघंही गेल्या वर्षी रिटायर झालो, कोथरूडला राहतो, पुढच्या जूनमध्ये तीन आठवडे लंडनला जायचं घाटतंय. टूर कंपनीबरोबर अजिबात जायचं नाहीये, एकदा युरोप तसं करून झालं, दहा दिवसांत सात शहरं आणि आता आठवायला बसलं की फक्त बसच्या खिडकीतून दिसलेले हायवे आठवतात. या वेळी एकाच गावात राहायचं, सकाळी दूध-पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, बाकावर बसून लोक बघायचे असं डोक्यात आहे. पण हॉटेलं बघायला लागलो तर जरा बरी खोली रात्रीला १०० पौंडांच्या खाली दिसेना, म्हणजे एकवीस रात्रींचे निव्वळ झोपायचेच सव्वादोन-अडीच लाख होतात, तेवढी आमची ऐपत नाही.

परवा भाचीने सांगितलं की हाउससिटिंग म्हणून प्रकार असतो, लोक सुट्टीवर जाताना घर आणि कुत्रा-मांजर तुमच्यावर सोपवून जातात आणि तुम्ही तिथे फुकट राहायचं. खरंच असं असतं का? अनोळखी माणसाला कोणी घराची किल्ली का देईल? व्हिसाचं काही असतं का? आणि जरा वेगळा प्रश्न, आम्ही दोघं पक्के शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही, मग मांजराला मांसाचं खाणं द्यावं लागेल का, की दूधभातावर भागतं? लहानपणी आमच्याकडे गायी होत्या, कुत्रं-मांजर कधी पाळलं नाही. कोणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

रेडिंगकर

पाऊलवाट ताई, मी गेली पाच-सहा वर्षं करतेय. इथे इंग्लंडमध्ये १४ वर्षं आहे आणि पासपोर्ट ब्रिटिश, हे मुद्दाम आधी सांगते कारण व्हिसाचं गणित तुमचं आणि माझं वेगळं आहे, त्यावर दुसरं कोणी माझ्यापेक्षा नीट लिहील.

किल्ली का देतात, तर इथे कुत्र्याला दोन आठवडे केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या पाळणाघरात, ठेवायचं म्हणजे भरपूर पैसे जातात, आणि म्हातारं जनावर परक्या जागी खायचं सोडतं, मांजर तर जागा बदलली की कधी कधी आजारीही पडतं. त्यामुळे मालकाला खरं हवं असतं ते जनावराला त्याच्याच घरात सोबत देणारं माणूस. घर राखणं त्यामानाने दुय्यम. मी ज्या साइटवरून करते ती ट्रस्टेड हाउससिटर्स, २०१० मध्ये ब्रायटनला सुरू झाली, तिथे मालकही वर्षाची वर्गणी भरतो आणि आपणही भरतो, एकमेकांना पैसे द्यायचे नाहीत असा नियम. नवीन माणसाला पहिलं घर मिळणं सगळ्यात अवघड, कारण सगळे रिव्ह्यू बघतात आणि तुमच्याकडे एकही नसतो. लंडनच्या जाहिरातीला पाच अर्ज आले की ती थांबते आणि हे पाच कधी कधी तासाभरात येतात, म्हणून मी सुरुवातीला रेडिंगच्या आसपासच शनिवार-रविवारची घरं घेतली, कोणाची कोंबडी, कोणाचे ससे, तेव्हा कुठे तिसऱ्या वर्षी लंडनची चांगली घरं मिळायला लागली.

आता मांजर. ताई, दूधभातावर भागत नाही. मांजराला मांस लागतंच, टॉरिन नावाचा घटक त्याला आहारातूनच मिळावा लागतो, नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय बिघडतं. आणि आपल्याकडे गोष्टीत मांजर दूध पितं पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ ते पाकीट फाडून वाडग्यात घालायचं, वास येतो, हाताला लागतं. माझ्या सासूबाई माझ्याबरोबर एकदा आल्या होत्या, त्यांनी वेगळा चमचा आणि हातमोजे ठेवले आणि केलं सगळं मनापासून, पण तुम्हाला ते जमणार नसेल तर आत्ताच स्वतःशी ठरवा, तिथे जाऊन नाही.

कुत्रं असेल तर दुसरी काळजी. आपलं स्वयंपाकघर कुत्र्याला धोक्याचं असतं. कांदा, लसूण, मनुका-बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट यातलं काहीही पोटात गेलं तर विषबाधा होते. मी एका घरी रव्याचा शिरा केला, कढई खाली ठेवली आणि फोन घ्यायला गेले, येऊन बघते तर लॅब्रॅडॉर कढई चाटत होता, आणि शिऱ्यात बेदाणे होते. रात्री साडेनऊला इमर्जन्सी व्हेटकडे नेलं, त्यांनी उलटी करवली, रात्रभर ठेवून घेतला. वाचला. मालकीणबाईंना त्या सुट्टीवर असताना हे फोनवर सांगणं फार जड गेलं मला, पण लगेच सांगितलं, बिल मी भरते म्हटलं, त्यांनी निम्मं घेतलं. त्यानंतर मी दुसऱ्याच्या घरात बेदाणा नेतच नाही. आणि मांजराच्या घरी लिलीची फुलं आणायची नाहीत, नुसता पराग अंगाला लागून चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

तरीसुद्धा मी हे का करते ते सांगते. वॉल्थमस्टोला दहा दिवस एका म्हाताऱ्या मांजरासाठी राहिले होते, ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, व्हिक्टोरिया लाइनचं शेवटचं स्टेशन, पर्यटक तिकडे फारसा जात नाही. मांजराला सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला गोळी, त्यामुळे लांब जाताच यायचं नाही, आणि त्यामुळेच तो भाग कळला. रस्त्यावरचा बाजार जवळजवळ एक किलोमीटर लांब, मंगळवार ते शनिवार भरतो, पौंडाला वाडगाभर भेंडी, मिरच्या, टोमॅटो, मेथीची जुडी पण मिळते. दोन-तीन दिवसांत भाजीवाला ओळखायला लागला. मग विल्यम मॉरिस या नक्षीकार-कवीची गॅलरी आहे, फुकट, तो किशोरवयात राहायचा त्याच घरात, मागे बाग. आणि वॉल्थमस्टो वेटलँड्स, लंडनला पाणी पुरवणारे तलाव, २०१७ मध्ये लोकांना फिरायला खुले केले, तिथेही तिकीट नाही. बगळे, बदकं, मागून जाणारी ट्रेन. मी रोज दुपारी डबा घेऊन तिथे बसायचे. लंडनमध्ये इतकी वर्षं येऊन-जाऊन इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

कागदपत्रवाला

पाऊलवाट, तुमच्या उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये पण व्हिसाबद्दल सरळ लिहितो कारण यात लोक फसतात. भारतीय पासपोर्टवर तुम्ही जाणार स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे पर्यटकांच्या नेहमीच्या व्हिसावर. त्यावर काम करायला मनाई आहे. बरेच लोक म्हणतात पैसे कुठे मिळतात मग काम कसलं, पण पैसे हातात पडले की नाही एवढ्यावर ते ठरत नाही, कुत्रा सांभाळायच्या बदल्यात तीन आठवडे राहायला मिळणं हाच मोबदला असं अधिकारी धरू शकतो. त्याला तसं धरायचा अधिकार आहे आणि विमानतळावर त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक बाई कॅनडात मांजर सांभाळायला चालली होती, वाटेत लॉस एंजेलिसला फक्त विमान बदलायचं होतं, तिथे विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं, आधी अमेरिकेतही असं केल्याचं निघालं, आणि तिला तिथूनच ऑस्ट्रेलियाला परत पाठवलं. ती अमेरिकेची गोष्ट, नियम देशादेशाचे वेगळे, पण विचार करायची पद्धत सगळीकडे साधारण तीच.

मग कोणी सल्ला देतं की फॉर्मवर मैत्रिणीकडे राहणार लिहा. ते अजिबात करू नका. ब्रिटनमध्ये खोटी माहिती दिली असं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि पुढे कुठल्याही देशाच्या फॉर्मवर 'आधी व्हिसा नाकारलाय का' या रकान्यात ते लिहीत बसावं लागतं. व्हिसाची फी २०२५ मध्ये माणशी १२७ पौंड होती, नाकारला तर ती परत मिळत नाही. या वयात तीन आठवड्यांच्या मुक्कामासाठी एवढी जोखीम कशाला. ज्यांना त्या देशात राहायचा-काम करायचा पूर्ण हक्क आहे त्यांनी खुशाल करावं, रेडिंगकर ताई करतात ते बरोबरच आहे.

तुमच्यासाठी दुसरा रस्ता सांगतो. लंडनमधल्या युनिव्हर्सिट्यांची हॉस्टेलं उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी होतात आणि त्या खोल्या कोणालाही भाड्याने देतात. एलएसईची (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) स्वतःची हॉस्टेलं आहेत शहराच्या मध्यात, साध्या खोल्या, बऱ्याच ठिकाणी सामाईक स्वयंपाकघर. हॉटेलपेक्षा बऱ्याच कमीत पडतं. जूनच्या सुरुवातीला मुलं असतात त्यामुळे जुलै धरा, आणि लवकर बुक करा.

पाऊलवाट

कागदपत्रवाला, मनापासून आभार. खरं सांगायचं तर वाचून थोडं खट्टू झाले, मी मनातल्या मनात त्या मांजराचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पण नवऱ्याने पोस्ट वाचली आणि म्हणाला विषय संपला, आणि त्याचं बरोबर आहे. हॉस्टेलचं बघते. पण मग प्रश्न असा की हॉस्टेलच्या खोलीत राहून तो मोहल्ल्याचा अनुभव येईल का? तिथे शेजारीपाजारी कुठले असणार.

रेडिंगकर ताई, शिऱ्याचं वाचून पोटात गोळा आला. मी तर प्रत्येक गोष्टीत बेदाणे घालते.

निवांत_पायी

राहायचं कुठेही, मोहल्ले पायीच कळतात, त्याला घर लागत नाही, वेळ लागतो. मी कामानिमित्त लंडनला दोन वर्षं होतो, दर रविवारी एक भाग घ्यायचो आणि फक्त तेवढाच फिरायचो. त्यातला एक दिवस तुम्हाला देतो, मराठी माणसाने तो चालावाच असं मला मनापासून वाटतं.

वॉरिक अव्हेन्यू स्टेशनला उतरा आणि हाउली प्लेसला जा, १० नंबरचं घर. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या खटल्यासाठी विलायतेला आले होते तेव्हा इथे राहिले, भिंतीवर पाटी आहे. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. पाच मिनिटांवर लिटल व्हेनिस, तिथून रीजंट्स कालव्याच्या काठाने चालायला लागा. लांबट होड्यांमध्ये लोक राहतात, छपरावर कुंड्या, सायकली, मांजरं सुद्धा (ताई, ही मांजरं बघायला व्हिसाची अडचण नाही). मध्ये थोडा भाग बोगद्यामुळे वरच्या रस्त्याने जावं लागतं, मग परत खाली उतरायचं, पुढे झू येतो, कालवा त्याच्या मधूनच जातो. झूच्या पुढे वर चढून प्रिमरोझ हिलवर जा, छोटीशी टेकडी आहे, आपल्या पर्वतीच्याही मानाने काही नाही, पण वरून सगळं लंडन दिसतं. पलीकडच्या बाजूने उतरलात की किंग हेन्रीज रोड. तिथलं १० नंबरचं घर, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये एलएसईत शिकत असताना तिथे राहायचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता स्मारक आहे, आत जाता येतं, वेळ आधी बघून जा.

टिळकांच्या दारापासून बाबासाहेबांच्या दारापर्यंत रमतगमत दीड-दोन तास. दोन्ही घरांचा नंबर १०, दोघांच्या मुक्कामात जेमतेम दोन-तीन वर्षांचं अंतर. मी तो रस्ता पाच वेळा तरी चाललोय. त्या खोलीत उभं राहिलं की वाटतं इथून रोज सकाळी एक तरुण मुलगा लायब्ररीकडे निघत असेल, परक्या थंडीत, अर्धपोटी, आणि संध्याकाळी याच रस्त्याने परत येत असेल. तुम्ही एलएसईच्या खोलीत राहिलात तर आणखीच जुळून येईल.

बसचं सांगतो, ट्यूबपेक्षा बस घ्या. २०२५ मध्ये बसचं तिकीट १.७५ पौंड, त्यात पहिल्यांदा चढल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, वेगळे पैसे नाहीत, आणि दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर ५.२५ च्या वर कापत नाहीत. रोख चालत नाही, कार्डच टेकवायचं, दोघांना दोन वेगळी कार्डं लागतील. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की शेवटच्या स्टॉपपर्यंत जा आणि तिथे उतरून चहा प्या, असे निदान चार दिवस ठेवा.

आणि शेजारपाजार हवा असेल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनची संस्था, स्वतःची वास्तू आहे. त्यांचा काही कार्यक्रम असेल त्या दिवशी जा, ओळखी होतील.

साळगावची_माहेरवाशीण

इतका छान धागा आणि सगळे लंडनलाच निघालेत. पाऊलवाट ताई, तुम्हाला हाउससिटिंगच करायचं असेल तर आपल्या देशात करा ना, तिथे कसला व्हिसा! मी पुण्यात असते, माहेर गोव्यातल्या साळगावचं. गोव्यात हल्ली बाहेरून येऊन स्थायिक झालेले खूप, शिवाय मुलं परदेशी आणि आई-वडील मोठ्या जुन्या घरात दोन-तीन कुत्र्यांबरोबर, त्यांना मुलाकडे जायचं तर कुत्री कुठे ठेवायची हा मोठा प्रश्न. साइटवर नाही मिळत हे फारसं, ओळखीतून मिळतं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या लोकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर, नाहीतर कुत्र्याच्या डॉक्टरकडे चौकशी करा, त्यांना बरोबर माहीत असतं कोण जाणार आहे.

मी आणि बहीण गेल्या पावसाळ्यात हळदोण्याला सोळा दिवस राहिलो, दोन कुत्री, दोन्ही रस्त्यावरून उचललेली. घर नळ्यांच्या कौलांचं, पुढे बलकांव (बसायची ओसरी), मागे फणस. खर्च म्हणाल तर प्रवास आणि जेवण, बास. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा, पों-पों हॉर्न वाजला की कुत्री आधी पळायची, मग मी पिशवी घेऊन. पोई, उंडे, कधी कांकणां, सगळे गोव्याच्या पावाचे प्रकार. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्यासाठी चार पोई वेगळ्या काढून ठेवायचा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, बसने जायचं, गाडीने गेलात तर पार्किंगमध्येच जीव जातो. आम्ही होतो तेव्हा चतुर्थी आठवड्यावर आली होती आणि बाजारात माटोळीचं सामान आलेलं, गणपतीच्या वर बांधायला रानातली फळं, वेली, मी माहेरची असून अर्ध्यांची नावं मला येत नव्हती, विकायला बसलेल्या मावशीने एकेक हातात देऊन सांगितली. हॉटेलात उतरलेल्या माणसाला ती कशाला सांगेल, आम्ही पिशवीत दुधी आणि मासळी घेऊन उभ्या होतो, म्हणजे घर असणाऱ्या बायका.

संध्याकाळी कुत्र्यांना घेऊन खोर्जुव्याच्या पुलापर्यंत, पलीकडे छोटा किल्ला आहे, जांभ्या दगडाचा, बहुतेक वेळा आम्हीच दोघी. एक दिवस रायबंदरहून फेरीने चोडणला गेलो, आम्ही पायी होतो तर तिकीट पडलं नाही, सलीम अली पक्षी अभयारण्य तिथेच आहे.

अडचणी पण सांगते नाहीतर म्हणाल गोडगोड लिहिलं. वीज जायची, एकदा सलग नऊ तास, इन्व्हर्टर संपला. अंगणात साप निघाला, कुत्री भुंकून बेजार, मालकाने सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर लावला होता म्हणून निभावलं. घरातून दिवसभर बाहेर राहता येत नाही, चार तासांत परतायलाच लागतं. आणि या आधी एका दुसऱ्या घरी आम्हाला 'एक शांत कुत्रा' सांगितलं होतं, गेलो तर तीन, त्यातला एक चावरा, शिवाय मालकाचे वडील खालच्या मजल्यावर, त्यांचा डबापाणी आम्ही बघू असं गृहीत धरलेलं. दोन दिवसांत निघून आलो, फार वाईट वाटलं पण निघालो. म्हणून आता आधी व्हिडिओ कॉल करून सगळं घर आणि सगळी जनावरं बघते, काय करायचं आणि काय नाही ते मेसेजवर लिहून घेते, आणि शेजाऱ्यांना आमची नावं कळवून ठेवा असं मालकाला सांगते. डॉक्टरचा नंबर, औषधं, गॅस सिलिंडर कधी बदललाय, पंपाचं बटण कुठे, इतकं विचारायचंच.

रेडिंगकर

माहेरवाशीण, लिहून घेण्याचं अगदी बरोबर. त्यात एक घाला, मालक निघायच्या आदल्या दिवशी पोचायचं. एक रात्र त्यांच्यासमोर राहिलं की कुत्र्याला कळतं हे आपल्या माणसांनी बोलावलेले आहेत, नाहीतर ते दोन दिवस दाराशी बसून राहतं, बघवत नाही. पाऊलवाट ताई, तुमच्या घरी कुत्रं कधीच नव्हतं म्हणालात, तर आधी शेजारच्यांचं कुत्रं आठवडाभर रोज सकाळी फिरवून बघा. पावसात पण.

पाऊलवाट

सगळ्यांचे किती आभार मानू. आमचं असं ठरलंय, लंडन जुलैत, हॉस्टेलच्या खोलीत, हाउससिटिंग अजिबात नाही, आणि निवांत_पायी यांचा तो १० नंबर ते १० नंबर रस्ता पहिल्याच रविवारी. नवरा आत्ताच नकाशा काढून बसलाय. आणि त्याआधी डिसेंबर सोडून गोव्यात एखादं घर. खालच्या मजल्यावरच्या जोशींचा बीगल उद्यापासून सकाळी सहाला आमच्याकडे, त्यांना विचारलं तर त्यांना आनंदच झाला.

माहेरवाशीण, दोन प्रश्न. कुत्र्यांना तिथे खायला काय द्यायचात, आणि मला कोंकणी येत नाही, अडेल का?

साळगावची_माहेरवाशीण

भात आणि चिकन शिजवून, मालकांनी फ्रीजरमध्ये डबे भरून ठेवले होते, आम्ही फक्त गरम करायचो. पण कुत्र्याचं मांजरासारखं नाही, डॉक्टरच्या सल्ल्याने शाकाहारावर ठेवलेली कुत्रीही असतात, तुम्ही आधीच स्पष्ट सांगा की मांस शिजवणार नाही, कोरडं खाणं वाडग्यात घालू, तसं घर मिळेल. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर नकोच.

भाषेचं अडत नाही, मराठी बऱ्याच जणांना कळते, तुम्हाला पण चार दिवसांत कोंकणी कळायला लागेल. फक्त पोई किती हव्यात ते पोदेराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, पावसात तो लवकर संपवून जातो. सप्टेंबरअखेर आमच्या ओळखीच्या एक बाई बारा दिवस मुलीकडे चालल्यात, घर साळगावातच, एक म्हातारी कुत्री, पायऱ्या चढत नाही, फिरवायला फक्त गल्लीच्या टोकापर्यंत. तुमचा बीगलबरोबरचा सराव झाला की मला इथेच मेसेज करा, मी त्यांच्याशी बोलते.